परवान्यानंतरची वाट : अल्प तासांच्या वैमानिकांसाठी

तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कापासून रुपीनगर, त्रिवेणीनगर, चिखलीपर्यंत आणि इंद्रायणीपलीकडे निघोजे, महाळुंगे, चाकणच्या कारखान्यांपर्यंत पसरलेल्या या मुलखात, जेथे मुलाने आयटीआय करून कंपनीत ‘पर्मनंट’ व्हावे किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन एखाद्या संगणक-संस्थेत रुजू व्हावे एवढीच काल-परवापर्यंत बापाची अपेक्षा असे, तेथील काही घरांतून आता मुले आणि मुलीही वैमानिक होण्याच्या ईर्षेने बाहेर पडू लागली आहेत. आणि भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून, राहते घर किंवा गावाकडची जमीन तारण ठेवून, ५० लाख वा त्याहून अधिक रुपयांचा खर्च सोसून जेव्हा अखेर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा व्यावसायिक परवाना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीएल, हाती पडते, तेव्हा ‘मग आता नोकरी कधी?’ हा नातलगांचा प्रश्न त्याच आठवड्यात दारात येऊन उभा राहतो. त्या प्रश्नाने कावऱ्याबावऱ्या होणाऱ्या उमेदवारांसाठी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी, हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम त्या परवान्याचे स्वरूप नीट ध्यानी घ्यावे. आपल्याकडे सीपीएलसाठी एकंदर २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख या नात्याने, आणि शिवाय दूरच्या प्रवासाचे, उपकरणांच्या आधाराने उडण्याचे व रात्रीच्या उड्डाणाचे ठरावीक तास. एवढे पूर्ण केलेला आणि त्या त्या विमानाचे टाइप रेटिंग मिळविलेला तरुण कायद्याने एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या उजव्या आसनावर बसण्यास पात्र ठरतो. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळल्यानंतर जो कायदा झाला, त्यान्वये २०१३ पासून तेथील प्रवासी कंपन्यांत सहवैमानिकालाही साधारणतः १,५०० तासांची अट लागू झाली. आपल्याकडे १,५०० तासांचा दंडक एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी, म्हणजे पुढे कप्तान व्हावयाचे असेल तेव्हा, आहे. परंतु कायद्याने मिळणारी पात्रता आणि कंपनीला वाटणारी निकड यांमध्ये पुष्कळ अंतर असते, आणि नव्या वैमानिकाला आयुष्यातील काही महिने, कधी काही वर्षे, नेमक्या त्याच अंतरात काढावी लागतात.

ते अंतर कधी आकुंचन पावते, कधी विस्तारते. २००५ च्या सुमारास नव्या कंपन्यांची दाटी झाली तेव्हा परवाना हाती असलेला मुलगा फार काळ रिकामा बसत नसे; २००८ च्या मंदीने ते दिवस संपविले. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली, २०२० साली महामारीने सगळेच आकाश रिकामे केले आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे बंद पडली. या प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक अर्जदारांच्या रांगेत आले आणि २०० तासांचा उमेदवार शेवटी ढकलला गेला. उलट २०२३ सालीच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, आणि वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नवे नियम अमलात आल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला जी असंख्य उड्डाणे रद्द करावी लागली, त्यांवरून मनुष्यबळ किती ताणून वापरले जात होते तेही सर्वांना दिसले. मात्र अशा बातम्या वाचून उद्याच बोलावणे येईल असे मानू नये. एका नव्या सहवैमानिकाला तयार करण्यास सिम्युलेटरची वेळ, शिकविण्याचा अधिकार असलेला कप्तान आणि वेळेवर दाखल झालेले विमान या तिन्ही गोष्टी लागतात, आणि तुटवडा जेव्हा कप्तानांचा असतो तेव्हा नवख्यांना शिकविणारेच अपुरे पडतात. २०२३ साली आपल्या देशात १,६२२ सीपीएल दिली गेली. त्या सर्वांचे अर्ज त्याच चारदोन दारांवर जातात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, या प्रतीक्षेच्या काळात उड्डाणाशी असलेला संबंध तुटू देऊ नये, आणि नेमणुकीचा लेखी कागद हाती असल्यावाचून नवे कर्ज काढू नये. पुढील सारे विवेचन याच दोन गोष्टींच्या अनुषंगाने आहे.

कर्जाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात घरे बुडतात. ५० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६ हजार रुपये होतो; चाकणच्या एखाद्या कारखान्यात वीस वर्षे राबलेल्या कामगाराचे अवघे वेतनही पुष्कळदा तेवढे नसते. अशा स्थितीत कोणी हितचिंतक येऊन सांगतो की, टाइप रेटिंग केले की नोकरी ठरलेलीच आहे, आणखी काही लाखच तर लागतील. हे रेटिंग म्हणजे एका विशिष्ट जातीच्या विमानासाठी सिम्युलेटरवर घेतलेले शिक्षण. त्याला दहा लाखांहून अधिक खर्च येतो, ते नियतकालिक परीक्षेने जिवंत ठेवावे लागते, आणि कंपनीने त्याच वर्षी दुसऱ्या जातीच्या विमानाचे वैमानिक मागविले, तर तो सारा खर्च कपाटात पडून राहतो. काही वेळा जाहिरातीतच ए-३२० चे रेटिंग असलेले उमेदवार मागविलेले असतात आणि तेव्हा हा डाव लागू पडतो, हे मला मान्य आहे. परंतु तो डाव आहे, आणि ज्याच्या डोक्यावर आधीच घराचे तारण आहे त्याने तो खेळू नये असेच माझे स्पष्ट मत आहे. लेखी परीक्षा, मानसिक क्षमतेची चाचणी, सिम्युलेटरवरील परीक्षा आणि मुलाखत या पायऱ्या चढून जी कंपनी निवड करते व मग रेटिंग देवविते, तिच्यासाठी थांबावे. आणि ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला, तो कितीही वजनदार इसमाचे नाव घेवो, एक रुपयाही देऊ नये.

आता उड्डाणाशी संबंध राखण्याच्या वाटांकडे वळू. त्यांपैकी मला सर्वांत सकस वाटणारी वाट म्हणजे उड्डाण-शिक्षकाची, आणि महाराष्ट्रातील उमेदवाराला ती इतरांपेक्षा जवळची आहे. १९२८ साली जुहूला स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे प्रशिक्षण आता धुळ्याच्या धावपट्टीवर चालते. बारामती तर तळवड्याहून काही तासांच्या अंतरावर. गोंदियाजवळ बिरसीला भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई यांच्या भागीदारीतील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. शिरपूरजवळ तांडे येथे आणि जळगावास प्रशिक्षण चालते. आणि वर्षाला १८० वैमानिक घडविण्याची एअर इंडियाची योजना अमरावतीच्या बेलोरा विमानतळासाठी आखलेली आहे. एवढ्या शाळा म्हटल्यावर एवढे शिक्षक लागणारच, आणि त्या शिक्षकांच्या उतरंडीतील पहिली पायरी, म्हणजे असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरची, अल्प तासांच्या वैमानिकाला ठरावीक प्रशिक्षण व परीक्षा देऊन गाठता येते. या प्रशिक्षणाला खर्च येतो, पण तो टाइप रेटिंगच्या मानाने थोडा असतो आणि त्यातून मिळालेली विद्या कोणत्याही विमानात उपयोगी पडते.

या कामाला हलके लेखणारे तरुण मी पाहिले आहेत. सेसनात बसून इतरांच्या मुलांना शिकविण्यासाठी का एवढा पैसा ओतला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांनी एखाद्या सकाळी वरिष्ठ शिक्षकाच्या मागे बसून सर्किटचे उड्डाण पाहावे. डाव्या आसनावर विद्यार्थी, उजव्यावर शिक्षक. विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावर आले आहे, विद्यार्थ्याने नाक वर धरण्यास किंचित उशीर केला आहे, आणि शिक्षकाचा हात कंट्रोल कॉलमच्या मागे दोन बोटांवर येऊन थांबला आहे. त्याने आत्ताच पकडले तर विद्यार्थी शिकणार नाही, अर्ध्या क्षणाने पकडले तर कदाचित नाकाचे चाक आपटेल. हा अर्धा क्षण ओळखणे, आणि तो ओळखत असता तोंडाने शांतपणे ‘पॅटर’ म्हणजे चालू क्रियेचे वर्णन करीत राहणे, यातून जी निर्णयबुद्धी घडते ती पुढे कप्तानाच्या आसनावर कामी येते. शिवाय शिक्षकाचे हे तास विमानप्रमुखाचे तास म्हणून नोंदले जातात, आणि एटीपीएलसाठी अशा तासांचीही अट असते. महिन्याला ५० तास मिळाले तर वर्षात ६०० होतात, दोन वर्षांत १,२००. आधीचे २०० धरता १,४००. वेतन बेताचे असते, पावसाळ्यात उड्डाणे थंडावतात, उन्हाळ्यात त्या छोट्या डब्यात जीव नकोसा होतो, हे सारे खरे आहे. म्हणून रुजू होण्यापूर्वी संस्थेत जाऊन चौकशी करावी: एकूण विमाने किती आणि त्यांतली आज उडण्याजोगी किती, शिक्षकाला महिन्यास प्रत्यक्ष किती तास मिळतात, देखभालीचे अभियंते पुरेसे आहेत काय, अपघातांचा इतिहास काय. ज्या संस्थेचे लोक या प्रश्नांनी रागावतील, तेथे जाऊ नये.

दुसरी वाट लहान विमानांच्या प्रादेशिक कंपन्यांची. २०१६ साली उडान योजना जाहीर झाल्यापासून आपल्याकडे ही वाट थोडी रुंदावली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एंब्रेअर विमाने चालविते. मार्च २०२४ मध्ये गोव्याहून सुरू झालेली फ्लाय ९१ ही कंपनी एटीआर ७२ विमानांनी सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर अशा गावांना जोडते. अलायन्स एअरचे एटीआर एप्रिल २०२५ पासून अमरावतीला उतरू लागले. पंखे असलेल्या विमानाला कमी प्रतीचे समजण्याची एक खुळी समजूत उमेदवारांत आहे. वास्तविक एटीआरचा सहवैमानिक दिवसातून अनेकदा उतरतो, आखूड धावपट्ट्या, कोकणातील पाऊस आणि सह्याद्रीवरील ढग यांच्याशी रोज झुंजतो, आणि थोड्या अवधीत पुष्कळ शिकतो. या कंपन्यांची भरती मात्र एका वेळी थोड्याच जागांची असते, सबब त्यांच्या संकेतस्थळांवर नियमाने लक्ष ठेवणे हाच उपाय. हीच गोष्ट मुंबई-पुण्यातील खासगी भाड्याच्या विमानांची. तेथे किंग एअरसारख्या विमानावर सहवैमानिकाची जागा कधीमधी निघते. कामाच्या वेळा अनिश्चित, प्रवाशांचे सामान चढविण्यापासून इंधनाच्या पावत्या सांभाळण्यापर्यंत सर्व कामे अंगावर, आणि नेमणूक बहुधा ओळखीतून. ओळख म्हणजे वशिला नव्हे. ज्याने तुम्हाला उडताना पाहिले आहे अशा जुन्या शिक्षकाने तुमच्याबद्दल दिलेला निर्वाळा. म्हणून आपल्या शिक्षकांशी संबंध तोडू नयेत.

सैन्यदलांचा मार्ग फारसा कोणी सांगत नाही. हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेतून उड्डाणशाखेत जाण्यासाठी वयाची मर्यादा २४ वर्षांची, परंतु चालू सीपीएल असणाऱ्यास ती २६ पर्यंत शिथिल होते. पदवी आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवे. ज्याचे वय बसते त्याने तो अर्ज अवश्य करावा, मात्र नागरी नोकरी मिळेपर्यंतचा विसावा म्हणून करू नये. तेथे देशसेवेचे बंधन अनेक वर्षांचे आहे.

परदेशाबद्दल थोडक्यात. बोट्स्वानातील माउन या गावी ओकावांगोच्या दलदलीत पर्यटकांना नेणारी छोटी विमाने आहेत आणि जगभरचे अल्प तासांचे वैमानिक तेथे काम शोधीत येतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस डार्विन, ब्रूम या भागांतही तशीच परंपरा आहे. पण त्या देशाचा परवाना, काम करण्याचा अधिकार आणि महिनोन्महिने स्वखर्चाने राहण्याची तयारी या तीन गोष्टी आधी जुळाव्या लागतात, आणि आपल्याकडील बहुतेक कुटुंबांना तिसरीच गोष्ट परवडत नाही.

जमिनीवरील कामांविषयी दोन गैरसमज दूर करावयास हवेत. सीपीएल असले की विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक होता येते असे पुष्कळांना वाटते. त्या जागेसाठी भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, नुसता परवाना पुरत नाही. तसेच ड्रोनचे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण व्यक्तीलाही मिळते. ते काम चांगले आहे, सर्वेक्षणात व शेतीत त्याला मागणी आहे, पण त्याचे तास तुमच्या लॉगबुकात चढत नाहीत. फ्लाइट डिस्पॅचरचे काम त्या मानाने अधिक उपयुक्त, कारण इंधन, हवामान, वजन आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशेब रोज करावा लागतो आणि कंपनीच्या अंतरंगाची ओळख होते. ज्याला शिकविण्याची हातोटी आहे त्याने हवामानशास्त्र किंवा नॅव्हिगेशन हे विषय शिकविण्याचे वर्ग घ्यावेत. दुसऱ्याला शिकविताना स्वतःचे ज्ञान पक्के होते आणि मुलाखतीत त्याचा प्रत्यय येतो. ज्यांची पदवी राहिली आहे त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून का होईना, या काळात ती पुरी करून घ्यावी.

आपल्या भागातील मुलांना हप्त्याच्या तगाद्यामुळे चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत तात्पुरते काम धरावे लागते, त्यात लाजिरवाणे काही नाही. तेथे फक्त शरीर सांभाळावे. पहिल्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र दर वर्षी नवे करावे लागते आणि त्यात श्रवणशक्ती व दृष्टी तपासली जाते. प्रेस शॉपच्या दणक्यात कानांत प्लग न घालता आठ तास उभा राहणारा किंवा वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारा वैमानिक आपल्या उपजीविकेचे साधनच झिजवीत असतो. तळवडे-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या गर्दीतून रात्रपाळी संपवून दुचाकी दामटू नये, हेही त्याच कारणाने सांगतो. एक हाड मोडले तर त्या वर्षाची भरती गेली.

परवाना जिवंत ठेवण्याचेही एक शिस्तबद्ध काम आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली, त्यामुळे पुष्कळजण निर्धास्त होतात. परंतु इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी परीक्षा देऊन नवे करावे लागते, आणि शेवटचे उड्डाण कधी केले हा प्रश्न निवड मंडळ पहिल्यांदा विचारते. सहा महिन्यांत काही तास तरी उडावे. पैसा नसेल तर सिम्युलेटरचा एखादा तास घ्यावा. तोही नसेल तर कॉकपिटचा पूर्ण आकाराचा कागदी नकाशा खोलीच्या भिंतीवर डकवून, खुर्चीत बसून, इंजिन सुरू करण्यापासून ते बंद करण्यापर्यंतच्या सर्व क्रिया हात लावून, तोंडाने उच्चारून कराव्यात. नव्या वैमानिकांना ही सवय आहेच. ती नोकरी लागेपर्यंत रोजची असावी. सकाळी पुण्याचा हवामान-अहवाल सांकेतिक भाषेत वाचून त्याचा अर्थ लावावा. एटीपीएलच्या लेखी परीक्षांचा अभ्यास आताच उरकावा, कारण नोकरी लागल्यावर पुस्तकाला वेळ मिळत नाही.

आणि लॉगबुक शुद्ध ठेवावे. न उडलेले तास लेखणीने चढविण्याच्या प्रकाराला या धंद्यात ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात, आणि २०११ साली बनावट गुणपत्रिकांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर काही वैमानिकांना परवाने गमवावे लागले, अटकही झाली. विमानाची वही, धावपट्टीची नोंद आणि तुमचे लॉगबुक ताडून पाहणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. पण पकडले जाण्याची भीती हे त्याचे खरे कारण नव्हे. मागे बसलेल्या दीडशे माणसांनी तुमच्या त्या वहीवर विश्वास ठेवलेला असतो.

अखेर नेमणुकीचा कागद येईल, तेव्हा हर्षभरात सही करण्यापूर्वी त्याचा मसुदा एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, तो वेतनातून कापला जाणार काय आणि किती वर्षे, बॉण्डची रक्कम काय, प्रशिक्षणाच्या काळात वेतन मिळते की नाही, कंपनीनेच भरती लांबणीवर टाकली तर उमेदवाराला मोकळे होता येते काय, ही कलमे बोटाने दाखवून विचारावीत. महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे सहवैमानिकाला नोकरी सोडताना सहा महिन्यांची आणि कप्तानाला एक वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते, हेही तेव्हाच घरात सांगून ठेवावे. वडिलांनी या बैठकीला जरूर हजर राहावे, कारण तारणपत्रावर सही त्यांची आहे. आणि बँकेकडून हप्ते सुरू होण्याची मुदत वाढवून घ्यावयाची असेल, तर तो अर्ज पहिला हप्ता थकण्यापूर्वी, लेखी, पोच घेऊन द्यावा.